दोन माडांमधला तीन बँडचा तारेचा डायपोल: मापे, पाऊस आणि दुरुस्त्या

कुळागर (धागालेखक)

डिचोलीजवळ आमच्या घरासमोरच्या भाटात (माडांच्या बागेत) दोन माड एकमेकांपासून २४ मीटरवर उभे आहेत, आणि हौशी रेडिओचा परवाना हातात पडला त्या दिवसापासून माझे लक्ष त्या दोघांवर होते. ४० मीटरच्या बँडसाठी (सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यासाठी) लागणारी अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण २० मीटर भरते. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर दोरी सोडली की ती त्या माडांमध्ये नेमकी बसते. गेल्या वर्षी मी घाईघाईने पहिला डायपोल, म्हणजे मध्यातून तोडून दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारेचा अँटेना, चढवला आणि तो आषाढातल्या एका रात्री तुटून खाली आला. यंदा जानेवारीपासून सवडीने, प्रत्येक माप वहीत लिहून दुसरा बांधला. मिरगापासून चवथीपर्यंतचा सगळा पाऊस त्याने काढला आहे, म्हणून आता लिहायला बसलो.

रेडिओपासून अँटेनापर्यंत कोॲक्स जाते, म्हणजे आत एक तार आणि तिच्याभोवती विणलेली जाळी असलेली केबल. अशा एकाच केबलवर अनेक बँड चालवण्याचे मार्ग बरेच आहेत. तारेत ठरावीक ठिकाणी कॉइल आणि कपॅसिटर यांची जोडी, म्हणजे ट्रॅप, घालता येतो. पण आमच्या हवेत ट्रॅपमध्ये ओल शिरली की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, आणि तो माडाच्या उंचीवर टांगलेला असल्यामुळे सहज उघडून पाहताही येत नाही. म्हणून मी पंख्यासारखा डायपोल निवडला. त्यात मध्यभागी एकच जोड असतो आणि त्यातून दोन्ही बाजूंना प्रत्येक बँडसाठी एकेक स्वतंत्र तार निघते. आपण ज्या बँडवर असतो त्या बँडची तार केबलला ५० ते ७० ओहमच्या आसपास दिसते, बाकीच्या तारा त्या फ्रिक्वेन्सीला कितीतरी मोठा अडथळा दाखवतात, आणि त्यामुळे बहुतेक प्रवाह आपोआप योग्य तारेत जातो.

मापांचे सूत्र जुनेच आहे: १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागावे, डायपोलची पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी (४० मीटरचा बँड) २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १०.०७, १४.२ साठी (२० मीटरचा बँड) प्रत्येक बाजूला ५.०४, २८.५ साठी (१० मीटरचा बँड) २.५१. मात्र हे आकडे उघड्या तांब्याच्या तारेचे आहेत. मी घराच्या वायरिंगची, पीव्हीसी आवरणाची २.५ चौरस मिलिमीटरची लवचीक तार घेतली आणि आवरणामुळे तरंग तारेवरून किंचित सावकाश जात असल्याने तार थोडी आखूड लागते. तरीसुद्धा कापताना ४० मीटरच्या बँडची प्रत्येक बाजू १०.३० मीटर ठेवली, कारण लांब तार दुमडता येते, पण आखूड कापलेल्या तारेला जोड द्यावा लागतो आणि प्रत्येक जोड ही पावसाला मिळालेली एक वाट असते.

तिन्ही तारा एकमेकींपासून दूर ठेवण्यासाठी विजेच्या कामाच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे वापरले आहेत. सर्वांत वर ४० मीटरच्या बँडची तार, तिच्याखाली १५ सेंटीमीटरवर २० मीटरच्या बँडची, आणि तिच्याखाली तेवढ्याच अंतरावर १० मीटरच्या बँडची. कप्प्या माडांवर १० मीटर उंचीवर आहेत. ही उंची २० मीटरच्या बँडला अर्धी तरंगलांबी होते, जी फार चांगली आहे; ४० मीटरला ती केवळ पाव तरंगलांबी होते, त्यामुळे त्या बँडवर बराचसा तरंग उंच कोनातून वर जातो आणि दिवसा पुणे, मुंबई, बंगळूर अशी काही शे किलोमीटरच्या टापूतली ठिकाणे उत्तम मिळतात.

पहिला डायपोल का तुटला ते सांगायला हवे, कारण चूक माझीच होती. दोन्ही टोके मी माडांना घट्ट बांधली होती आणि तार १.५ चौरस मिलिमीटरची होती. मे महिन्यात तिचा अनुनाद, म्हणजे ती सर्वांत चांगली चालते ती फ्रिक्वेन्सी, ७.१० मेगाहर्ट्झवर होता. पाऊस सुरू झाल्यावर तो हळूहळू खाली येत ७.०१ वर आला आणि मी ते ओलीवर ढकलून दिले. प्रत्यक्षात माड वाऱ्यात झुलत होते आणि प्रत्येक झोक्याबरोबर तांबे थोडे थोडे ताणले जात होते. तुटलेली तार अंगणात पसरून मोजली तेव्हा ती बांधली होती त्यापेक्षा २६ सेंटीमीटर लांब भरली. तुटली ती इन्सुलेटरच्या भोकाशी, जिथे ती धारदार कडेवर वळलेली होती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ४० मीटरची तार १५ मीटरच्या बँडवर तीन अर्ध्या तरंगलांब्यांची होऊन चालते असे सर्वत्र वाचायला मिळते, पण माझ्याकडे तो अनुनाद २१.७५ मेगाहर्ट्झवर पडतो आणि आपला बँड २१.४५ ला संपतो. यावर कोणी उपाय केला असेल तर कृपया लिहावे.

मिठागर

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. मी किनाऱ्यालगत राहतो, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि माझ्या अनुभवात इथे तारेपेक्षा जोड आधी जातात. मध्यभागाच्या जोडाविषयी आपण काहीच लिहिलेले नाही, म्हणून विचारतो: तांब्याची तार आणि बोल्ट यांची गाठ कशी घातली आहे? साध्या लोखंडी बोल्टवर तांबे आवळले आणि वर खारा वारा लागला की दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते आणि लोखंड पाहता पाहता खाल्ले जाते. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, वॉशर आणि नट घ्यावेत आणि तारेच्या टोकाला डाग दिलेली पितळी किंवा कथिलाचा मुलामा असलेली लग (बोल्टसाठी भोक असलेली टोकपट्टी) लावावी.

दुसरी गोष्ट सीलंटची. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो अॅसेटिक ॲसिडचा वास असतो, आणि सिलिकॉन वाळत असताना ते ॲसिड तांब्याला लागते. मी तसे सिलिकॉन जोडावर भरभरून लावले होते. वर्षाने ते कापून काढले तेव्हा आतली विणलेली जाळी हिरवी होऊन बोटांनी चुरडता येत होती. त्यानंतर मी ताणून गुंडाळल्यावर आपल्याआपण एकजीव होणारी रबरी टेप वापरतो, आणि तिच्यावर उन्हापासून संरक्षण म्हणून साधी काळी इन्सुलेशन टेप. टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे कौलांसारखी वरची घडी खालच्या घडीवर येते आणि पाणी आत शिरत नाही.

आणि ज्यांनी कोॲक्स अनेक पावसाळे तशीच ठेवली आहे त्यांना एक विनंती. केबलमध्ये पाणी शिरले की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) बिघडेलच असे नाही, उलट तो सुधारल्यासारखा दिसतो. केबलच शक्ती गिळू लागते, अँटेनापर्यंत थोडीच पोहोचते आणि तिथून परत येणारी आणखी थोडी, त्यामुळे मीटरची सुई समाधानाने १.२ दाखवत राहते. माझा एसडब्ल्यूआर सगळ्या बँडवर सुंदर होता आणि रेडिओवर मात्र रोजची ओळखीची स्थानके ऐकू येत नव्हती, तेव्हा कुठे मला संशय आला. केबलच्या दूरच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोधक) लावून दोन्ही टोकांना शक्ती मोजणे ही खरी परीक्षा.

शेवंती

मला रेडिओतले कळते ते माझ्या यजमानांमुळे, पण बागायत माझी आहे, म्हणून माडांच्या बाजूने लिहिते. कृपा करून माडाला खिळा, हूक किंवा स्क्रू मारू नका. आंबा, फणस यांच्या खोडाला जखम झाली तर साल हळूहळू ती झाकते. माडाच्या खोडात ती व्यवस्थाच नसते, त्याची जखम आयुष्यभर तशीच राहते. तिथे पाणी साचते, आणि सोंड्या भुंग्याला ताज्या जखमेचा वास लागला की तो तिथे अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात आणि बाहेर काही दिसेपर्यंत माड हातचा गेलेला असतो.

पातळ दोरी किंवा तार खोडाला थेट आवळणेही बरे नाही, कारण वाऱ्यात ती घासत राहते. आमच्याकडे जुन्या सायकलची ट्यूब उभी चिरून खोडाभोवती दोन वेढे देतात आणि तिच्यावर ट्रकचे सामान बांधायचा रुंद पट्टा. एक सोय मात्र माडामुळे मिळते. माड फक्त शेंड्याकडून वाढतो, खोड वर सरकत नाही आणि जाडही होत नाही, त्यामुळे १० मीटरवर बांधलेला पट्टा पुढच्या वर्षीही १० मीटरवरच असतो आणि खोडात रुतत नाही. दरवर्षी पाडेली नारळ उतरवायला चढतो तेव्हा त्याच्याकडूनच पट्टा तपासून घ्यावा. वेगळा चढ-उतार करावा लागत नाही.

नारळ आणि चुडती (झावळ्या) खाली पडतात याचाही विचार करा. चुडत तारेवर पडली तर काय होते?

कुळागर

मिठागर, बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच आहेत, पण सिलिकॉनचे मला ठाऊक नव्हते. गेल्या वर्षीच्या जोडावर तेच आंबूस वासाचे होते. शेवंतीताई, आपण लिहिले ते वाचून बरे वाटले, कारण पट्टा मी रुंद घेतला आहे, परंतु त्याखाली रबर नाही. पुढच्या वेळी पाडेली येईल तेव्हा ते करून घेईन. देव बरे करो.

चुडतीचा प्रश्न अगदी योग्य आहे. श्रावणात एक मोठी चुडत पूर्वेकडच्या टोकावर पडली. तार तुटली नाही, कारण त्या बाजूची दोरी माडाला बांधलेलीच नाही. ती कप्पीवरून खाली येते आणि तिच्या टोकाला दगडांनी भरलेला रंगाचा डबा टांगलेला आहे. चुडतीच्या वजनाने तार खाली आली, डबा तेवढा वर गेला, चुडत घसरून पडली आणि डबा पुन्हा जागेवर आला. माड झुलतात तेव्हाही असेच होते: वाऱ्याच्या दिवशी अंगणात उभे राहिले तर तो डबा सावकाश वर-खाली होताना दिसतो, आणि तारेवरचा ताण मात्र बदलत नाही. डबा खोडापासून दूर राहावा आणि दोरी तुटली तरी कोणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून तो जमिनीपासून वीतभरच उंच ठेवला आहे.

या डब्याने मला आणखी एक धडा दिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहिले तर डायपोलचा मध्यभाग हातभर वर गेलेला. तार ताठ झाली होती. डब्याला झाकण नव्हते आणि दगडांमधल्या पोकळीत पावसाचे पाणी भरले होते, म्हणजे बारा किलोचे वजन सतरा किलोच्या घरात गेले होते. डब्याच्या तळाला चार भोके पाडल्यावर ते सुटले. जांभ्याचे तुकडे स्वतःही पाणी पितात, म्हणून आता त्यांच्याऐवजी नदीतले गोटे घातले आहेत.

मानकुराद

बारा किलो हा आकडा आपण कसा ठरवला? मी हिशोब मांडून पाहिला तो देतो, कारण बहुतेक जण ताण अंदाजाने ठेवतात आणि मग तार ताणली जाते. मध्यभागी लोंबणारी केबल आणि चोक (केबलच्या बाहेरून उतरणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) यांचे वजन दोन किलो धरू, तिन्ही तारा आणि पाइपचे तुकडे मिळून साधारण १.१ किलो. टांगणीचे अंतर २४ मीटर. मधल्या वजनामुळे येणारा ताण म्हणजे वजन गुणिले अंतर भागिले झोळाची (तारेचा मध्य टोकांपेक्षा जितका खाली येतो त्याची) चौपट, आणि पसरलेल्या वजनामुळे येणारा ताण म्हणजे वजन गुणिले अंतर भागिले झोळाची आठपट. झोळ एक मीटर हवा असेल तर बारा आणि सव्वातीन मिळून सव्वापंधरा किलोचा ताण लागतो. बारा किलो ठेवले तर झोळ सुमारे १.२८ मीटर येईल. आपल्याकडे मोजून पाहिला आहे का?

आता तारेचे. मऊ तांबे प्रत्येक चौरस मिलिमीटरला सात किलोच्या आसपास भार येईपर्यंत फारसे कायमचे ताणले जात नाही. बारा किलोचा भार २.५ च्या तारेवर चौरस मिलिमीटरला पाच किलोहून कमी पडतो. तोच १.५ च्या तारेवर आठ किलो होतो, म्हणजे तार त्या भारानेच लांबू लागते, आणि माडांच्या झोक्यांनी तर तो भार क्षणोक्षणी कितीतरी वाढत असणार. आपला अनुनाद ७.१० वरून ७.०१ वर आला, हा सव्वा टक्का आहे. वीस मीटरचा सव्वा टक्का पंचवीस सेंटीमीटर, आणि आपण तार मोजली ती २६ भरली. दोन्ही आकडे एकमेकांची साक्ष देतात. ओलीने एवढा फरक पडत नाही.

डायपोलच्या प्रकाराविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. तिन्ही बँडच्या तीन जोड्या टांगण्याऐवजी एकच २० मीटर लांबीची तार मध्यातून तोडावी, तिला कोॲक्स न लावता दोन समांतर तारांची शिडी जोडावी आणि खाली खोलीत ट्यूनर (रेडिओ आणि लाइन यांचा मेळ बसवणारे उपकरण) ठेवावा. कोॲक्सवर एसडब्ल्यूआर वाढला की तोटा झपाट्याने वाढतो. शिडीसारख्या उघड्या लाइनवर दहाचा एसडब्ल्यूआर असला तरी तोटा नगण्य राहतो. त्यामुळे ४० पासून १० मीटरपर्यंतचे सगळे बँड, १७ आणि १२ मीटरसकट, मिळतात. वजनही कमी. मी हे फोंड्याला सहा वर्षे वापरत आहे.

कुळागर

झोळ मोजला होता, सव्वा मीटर भरला. आपला हिशोब आणि माझी टेप जुळतात याचा आनंद झाला. बारा किलो मी ठरवले नव्हते, एका डब्यात मावले तेवढे दगड ते. आता त्यामागचे कारण कळले.

शिडीविषयी आपले म्हणणे मला पटते, आणि ज्यांच्याकडे ती थेट खोलीत आणण्याची सोय आहे त्यांनी तीच करावी असे मीही सांगेन. माझी अडचण घराची आहे. कौलारू घर, रुंद चिऱ्यांच्या भिंती, आणि केबल पागोळ्यांखालून, विजेच्या मीटरच्या पेटीजवळून, लोखंडी गजांच्या खिडकीतून आत येते. उघडी लाइन धातूपासून काही सेंटीमीटर दूर ठेवावी लागते आणि पागोळ्या तिच्यावरून वाहता कामा नयेत. तेवढी मोकळी वाट माझ्याकडे नाही. शिवाय तिन्ही बँडवर ट्यूनरला हात न लावता बोलता येणे, ही सोय मला हवी होती.

तारांच्या छाटणीबद्दल, म्हणजे लांबी जुळवण्याबद्दल, दोघांनी खासगी संदेशातून विचारले, ते इथेच लिहितो. सर्वांत लांब तारेपासून सुरुवात करावी, कारण तिचा परिणाम बाकीच्यांवर होतो, उलट दिशेने फारच थोडा. नॅनोव्हीएनए (अँटेनाचा अनुनाद मोजणारे छोटे यंत्र) केबलच्या ज्या टोकाला लावायचा, तिथेच ओपन, शॉर्ट आणि लोड ही त्याची तिन्ही टोपणे लावून त्याचे कॅलिब्रेशन करावे. पहिल्या मोजणीत २०.६० मीटरच्या तारेचा अनुनाद ६.८५ वर आला. मला कोरड्या हवेत ७.१२ हवा होता. आताची लांबी गुणिले आताची फ्रिक्वेन्सी, भागिले हवी असलेली फ्रिक्वेन्सी, म्हणजे १९.८२ मीटर; प्रत्येक बाजू ९.९१. एकदम ३९ सेंटीमीटर न कापता आधी ३० दुमडले, दोरी ओढून तार पुन्हा वर नेली, मोजले, मग उरलेले. तीन खेपांत जमले.

त्यानंतर २० मीटरची, आणि शेवटी १० मीटरची. १० मीटरच्या तारेने सर्वांत जास्त वेळ घेतला. सूत्राने २.५१ सांगितले होते, शेजारच्या तारांमुळे ती प्रत्यक्षात २.६४ लागली, आणि पाइपचा तुकडा चार बोटे सरकला तरी तिचा अनुनाद हलतो. म्हणून तिच्या टोकाला पातळ नायलॉनची दोरी बांधून ती वेगळी ताणली आहे. जे केवळ ४० आणि २० वर समाधानी आहेत त्यांनी १० मीटरची तार लावूच नये, काम अर्ध्यावर येते.

७.१२ का, हेही सांगतो. आपल्याकडे हा बँड ७.० ते ७.२ एवढाच आहे. तार भिजली, आवरणावर पाण्याचा थर धरला की अनुनाद खाली येतो. धो-धो पावसात मी तो ७.०८ मोजला. कोरडा ७.१२ आणि ओला ७.०८, दोन्ही वेळा पूर्ण बँडवर एसडब्ल्यूआर दोनच्या आत राहतो. मे महिन्याच्या उन्हात बरोबर मध्यावर आणून ठेवला असता तर पावसाळ्यात वरचे टोक हातून गेले असते. म्हणून इथे छाटणी करणाऱ्याने एकदा तरी भर पावसात छत्री घेऊन मोजावे, निदान बागेच्या नळीने तार भिजवून मोजावे.

ओहोळ

मी वास्कोत चौथ्या मजल्यावर राहतो. परीक्षा झाली आहे, परवान्याची वाट पाहतो आहे, तोवर ऐकण्यासाठी अँटेना हवा. गच्ची १४ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे, माड नाहीत, पाण्याची टाकी आहे. सोसायटीने एक खांब लावू देण्यास संमती दिली आहे. इथे ४० मीटर शक्य आहे का? आणि कोॲक्स आरजी-५८ चालेल का, ती माझ्याकडे पडून आहे.

मानकुराद

शक्य आहे. टाकीच्या बाजूला पाच-सहा मीटरचा खांब उभा करा, मध्यभाग त्याच्या डोक्यावर आणि दोन्ही बाजू उलट्या व्हीसारख्या खाली गच्चीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे. दोन तारांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. गच्चीचा कर्ण साडेसोळा मीटर आहे, म्हणजे मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सव्वाआठ. खांबाची उंची धरून तिरकी तार दहा मीटरच्या जवळ जाते. शेवटचा मीटर-अर्धा मीटर उरला तर कठड्याला समांतर वळवा, टोकाच्या भागात प्रवाह कमी असल्यामुळे त्या वळणाने फार बिघडत नाही. उलट्या व्हीचा एक फायदाही आहे, तिचा मधला इम्पिडन्स (केबलला दिसणारा अडथळा) ५० ओहमच्या अधिक जवळ येतो.

टोकांकडे मात्र लक्ष द्या. टोकाला प्रवाह नसतो, पण व्होल्टेज सर्वांत जास्त असते. १०० वॉट सोडले तरी तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि स्पर्श झाला तर त्वचेला खोल चटका बसतो. गच्चीवर कपडे वाळत घालणारी माणसे आणि मुले येतात, म्हणून टोके हाताला लागणार नाहीत अशी अडीच मीटरच्या वर ठेवा. तुम्ही दाबोळीच्या विमानतळाच्या परिसरात आहात, तेव्हा खांबाची उंची अर्जात लिहाल तीच ठेवा आणि त्याविषयीची परवानगी आधी घ्या. परवाना येईपर्यंत फक्त ऐका; दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेचा परवाना हाती येण्याआधी ट्रान्समिट करणे गुन्हा आहे.

आरजी-५८ चालेल. २८ मेगाहर्ट्झवर तिचा तोटा १०० मीटरला सुमारे आठ डेसिबल (शक्तीतली घट मोजण्याचे एकक) आहे. तुमची केबल २० मीटर असेल तर १.६ डेसिबल. ४० मीटरच्या बँडवर त्याच्या निम्म्याने. नवी घ्यायची झाली तर मात्र जाड, कमी तोट्याची आरजी-२१३ घ्या.

मिठागर

ओहोळ, एक भर घालतो: मध्यभागी चोक विसरू नका. कोॲक्स डायपोलला थेट जोडली की काही प्रवाह केबलच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून खाली उतरतो आणि केबलच अँटेनाचा भाग बनते. माझ्याकडे चोक नव्हता तेव्हा बोलताना माइकच्या जाळीला ओठ लागला की चटका बसायचा आणि केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर बदलायचा. ऐकण्यापुरताही चोक हवा, कारण इमारतीतल्या एलईडी दिव्यांचा, इन्व्हर्टरचा आणि चार्जरचा गोंगाट त्याच बाहेरच्या पृष्ठभागावरून रेडिओत चढतो. फ्लॅटमध्ये हा गोंगाट फार असतो. ३१ क्रमांकाच्या फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या), सुमारे ६० मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर आरजी-५८ चे १२ वेढे दिले की ७ मेगाहर्ट्झवरही चांगला अडथळा मिळतो.

कुळागर

आकाशातल्या विजेचे अजून कोणी लिहिले नाही. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट सुरू होतो तेव्हा ढग डोंगरापलीकडे असला तरी तारेवर भार जमतो. केबलच्या उघड्या टोकाशी ठिणगी उडताना मी पाहिली आहे. आमच्या घरी नियम असा आहे की काम संपले की कोॲक्स रेडिओपासून काढून खिडकीबाहेरच्या पेटीत ठेवायची, जिथे तिची जाळी अर्थिंगच्या सळईला जोडलेली आहे. जांभ्याच्या कातळात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते, म्हणून सळई तुळशी वृंदावनाच्या पन्हळीजवळ, जिथे रोज पाणी पडते, तिथे ठोकली आहे. थेट पडणाऱ्या विजेला यातले काहीच अडवत नाही, म्हणून गडगडाट ऐकू आला की त्या बाजूला जायचेच नाही. आणि डायपोल बांधताना तो तुटला तर कुठे पडेल हे आधी पाहावे: वीज खात्याची उघडी लाइन त्या टप्प्यात असेल तर ती जागा सोडून द्यावी.

मानकुराद

१५ मीटरचा आपला पहिला प्रश्न राहिला. टोकाचा परिणाम (ज्यामुळे तार आहे त्यापेक्षा किंचित लांब असल्यासारखी वागते) तारेच्या फक्त शेवटच्या भागावर होतो, मधल्या भागांवर नाही, म्हणून तिप्पट फ्रिक्वेन्सीवर तार विद्युतदृष्ट्या थोडी आखूड भरते आणि अनुनाद २१.३ ऐवजी वर जातो. उपाय साधा आहे. १५ मीटरवर मध्यापासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे साडेतीन मीटरवर, व्होल्टेज सर्वांत जास्त असते. तिथे दोन्ही बाजूंना ताठ तारेचा एकेक तुकडा खाली लोंबता जोडा. तो कपॅसिटरचे काम करतो आणि १५ मीटरचा अनुनाद खाली ओढतो. ४० मीटरवर त्याच ठिकाणी व्होल्टेज कमी असल्यामुळे तिथे फरक थोडा पडेल. ४० सेंटीमीटरपासून सुरुवात करून कापत जा. आपल्याकडे खाली २० मीटरची तार आहे, तिला तो तुकडा लागू देऊ नका, तिरका वळवा.

कुळागर

या रविवारी पाडेली आला होता तेव्हा पट्ट्यांखाली रबर घालून घेतले, तार खाली होती तेवढ्यात हा प्रयोगही केला. मध्यापासून ३.५ मीटरवर आवरण सोलून, तीन मिलिमीटर जाडीच्या तांब्याचे तुकडे डाग देऊन जोडले आणि खालच्या तारेपासून दूर बाजूला वाकवले. ४० सेंटीमीटरला अनुनाद २१ च्याही खाली गेला. कापत कापत २८ वर थांबलो तेव्हा तो २१.२५ झाला. ४० मीटरचा ७.१२ वरून ७.०८ वर उतरला, म्हणून दोन्ही टोके सहा-सहा सेंटीमीटर दुमडली. त्याने ४० पुन्हा ७.१२ वर आणि १५ मीटर २१.३७ वर स्थिरावला. आता बँडच्या वरच्या अर्ध्या भागात एसडब्ल्यूआर दीडच्या आत आहे आणि अगदी तळाशी दोनच्या थोडा वर जातो. २० मीटर आणि १० मीटर हलले नाहीत. सोललेल्या जागा रबरी टेपने खालून वर गुंडाळल्या आहेत.

तार ईशान्य-नैर्ऋत्य अशी आहे, त्यामुळे २० मीटरवर वायव्येला युरोप आणि आग्नेयेला ऑस्ट्रेलिया दोन्ही समोर येतात. १५ मीटरवर त्याच तारेच्या प्रसारणाचे चार पानांसारखे वेगळेच चित्र होत असल्याने तिथे कोणती दिशा चांगली पडते ते आता रोज संध्याकाळी ऐकून वहीत लिहितो आहे. मानकुराद, भिजल्यावर या तुकड्यांमुळे अनुनाद किती सरकतो ते ऑक्टोबरच्या पहिल्या सरीत मोजून इथेच आकडे टाकतो.